आठीची नस्ती

आमच्या जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात मॅडमच्या सहीशिवाय एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. बिल समोर आलं की मॅडम आधी बेरीज तपासतात, मग मोजमाप पुस्तिका आणि शेवटी बिल आणणाऱ्याचं तोंड. तिन्हींचा मेळ बसला नाही की त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी पडते. आवाज चढत नाही, टेबलावर हात आपटत नाही. नुसती आठी पडते आणि समोरचा माणूस न सांगता बिल परत उचलतो. ठेकेदार मंडळी जिन्याखाली शिपायाला विचारतात, "आज आठी आहे का?" नाही म्हटलं तरच वर येतात.

मॅडमचं वय चोपन्न. निवृत्तीला चार वर्षं आहेत. या वयात बहुतेक बायका आरशासमोर गालाची कातडी दोन बोटांनी कानाकडे ओढून बघतात, सोडून देतात आणि कुकर लावायला जातात. मॅडमनीही तसंच केलं असतं; पण नव्या ओळखपत्रांसाठी कार्यालयात फोटोवाला आला आणि प्रकरण शासकीय झालं.

"मॅडम, जरा रिलॅक्स," तो म्हणाला.

"रिलॅक्सच आहे मी."

"मग ती आठी काढा ना."

"ती आता निघत नाही."

त्याने उदार मनाने विचारलं, "कॉम्प्युटरवर एडिट करून काढू का?" मॅडम म्हणाल्या, "शासकीय ओळखपत्रावर खाडाखोड चालत नाही."

दुपारी डबा खाताना मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "अगं, याचं काही करता येतं का गं?" आणि पुढच्या सोमवारी नस्ती उघडली गेली. खरोखरची नस्ती, टॅगने बांधलेली, उजव्या कोपऱ्यात पृष्ठक्रमांक टाकलेली. विषय : चेहऱ्याच्या देखभाल-दुरुस्तीबाबत. सरकारी कागद एकही वापरलेला नाही. रिम स्वतः विकत आणलेला, पावती पान १ वर जोडलेली.

पहिली टिपणी पार्श्वभूमीची होती. बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूचं विष. खराब झालेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर माणूस लुळा पडतो. अगदी सूक्ष्म मात्रेत टोचलं तर तेवढाच एक स्नायू गप्प बसतो, कारण मज्जातंतूचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ साली त्याला मान्यता दिली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातल्या जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी सुई घेणाऱ्या पेशंटच्या आठ्याही नाहीशा होतात. त्यांचा नवरा त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर निबंध छापला आणि आठ्यांसाठीची अधिकृत मान्यता आली २००२ साली. समासात मॅडमचा शेरा : "मंजुरी डोळ्यांसाठी, वापर कपाळासाठी. दहा वर्षांनी कार्योत्तर मान्यता. गंभीर बाब."

मग दरपत्रकं मागवली गेली. तीन हवीतच, दोन पुण्याची, एक साताऱ्यातलं. पुण्याच्या एका ठिकाणी सुई टोचणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, पार्लरवाली होती आणि तिने कसलासा सहा दिवसांचा कोर्स केला होता. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन नसेल तर तांत्रिक पात्रता नाही, असं म्हणून मॅडमनी तिचा दर वाचलासुद्धा नाही. आर्थिक लिफाफा नंतर उघडायचा असतो. दुसऱ्या ठिकाणच्या पॅकेजमध्ये पील, फिलर, लेसर यांच्या खाली 'ग्लो' अशी एक बाब होती. मॅडमनी फोन लावला.

"ग्लोचं परिमाण काय?"

"मॅम, तो फील होतो," पलीकडची मुलगी म्हणाली.

"किती फील होतो? कशात मोजता?"

त्या मुलीने फोन सरांना दिला आणि सरांनी ठेवून दिला.

तुलनात्मक तक्ता मी टाइप केला, म्हणून मला पाठ आहे. बोटॉक्स : दर युनिटवर, दोन भुवयांमधल्या आठीसाठी पाच ठिकाणी मिळून साधारण वीस युनिट, परिणाम तीन ते चार महिने. शेरा : "आवर्ती खर्च. दोष दायित्व कालावधी तीन महिने. आपल्या खड्डे बुजवण्याच्या कामालाही यापेक्षा जास्त असतो." फिलर : कातडीखाली हायलुरॉनिक आम्लाची जेल भरून खळगे उचलायचे, काही महिने ते वर्षभर किंवा थोडं जास्त टिकतं, नको झालं तर एका एन्झाइमने विरघळवता येतं, मात्र चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते आणि क्वचित डोळाही जातो. शेरा : "भराव कामात सदैव धोका." सगळ्यांना मिळून एक शेरा खाली : "आजार असता तर उपचारावर कर नव्हता. सुंदर दिसण्यावर १८ टक्के. दरात अंतर्भूत आहे किंवा कसे, खुलासा नाही."

नियमाप्रमाणे संबंधितांचे अभिप्रायही घेण्यात आले.

यजमान कॉलेजात मराठी शिकवतात. ते चहाचा कप न ठेवता म्हणाले, "तू आहेस तशीच छान आहेस." नोंद : "अभिप्राय मोघम. वाचन न करता दिलेला. आधार जोडलेला नाही."

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी गालावरच्या वांगासाठी जायफळ उगाळून दिलं, सायीत हळद कालवून दिली आणि वर विचारलं, "कुणाला दाखवायचंय?" नोंद : "प्रश्न रास्त. उत्तर प्रलंबित."

मुलगी पुण्यात आयटीत. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, कर नाहीतर नको करूस, पण हे मला रोज पीडीएफ पाठवणं बंद कर."

धाकट्या जाऊबाईंचा अभिप्राय प्रत्यक्ष पाहणीतून घ्यावा लागला, कारण त्या काही बोलत नाहीत. त्यांनी 'काहीही केलेलं नाही.' फक्त भाचीच्या बारशाला त्या आल्या तेव्हा भुवया मागच्या भेटीपेक्षा बोटभर वर होत्या आणि पाळण्यातलं बाळ रडलं, पेढा सांडला, कोणाचे तरी सासरे घसरले, या तिन्ही प्रसंगी त्यांच्या चेहऱ्यावर एकच सानंद आश्चर्य होतं. घरी आल्यावर मॅडम म्हणाल्या, "दिसते चांगली. नाही म्हणणार नाही मी. पण तिला पेढ्याचं वाईट वाटलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही."

एवढ्यात साहेबांनाही कुणकुण लागली. आमच्या साहेबांच्या कपाळावर तीन आडव्या आठ्या आहेत, रूळ ठेवून ओढाव्यात अशा. त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "मॅडम, वय झालं की व्हायचंच हो." मॅडमनी मान डोलावली आणि जागेवर येऊन मला म्हणाल्या, "त्यांच्या कपाळावर पडल्या तर त्याला अनुभव म्हणतात. माझ्या कपाळावर पडली की वय. लेखाशीर्ष बदलतं फक्त."

अखेर साताऱ्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे स्थळपाहणी ठरली. सोबत मी होते, नस्ती होती. डॉक्टरांनी भिंग लावून चेहरा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ऑफिसात खिडकी तुमच्या उजव्या हाताला येते का?"

मॅडम चकित झाल्या. उजव्या गालावरचे वांग आणि डोळ्याखालच्या रेघा डाव्यापेक्षा जास्त होत्या, हे त्यांनीही कधी टिपलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, काचेतून ऊन सोसवतं, पण वय वाढवणारे अतिनील 'ए' किरण काच अडवत नाही. आपल्या सावळ्या कातडीला सुरकुत्या उशिरा पडतात, कारण रंगद्रव्य राखण करतं. पण तेच रंगद्रव्य चिडलं की डाग धरतं. म्हणून आपल्याकडे लेसर आणि तीव्र पील जपून. घाई केली तर आहे त्यापेक्षा काळं होऊन बसतं. दुकानातून आणलेली स्टिरॉइडची मलमं तर अजिबात नको, कातडी कागदासारखी पातळ होते. गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा निघतो आणि तो मूत्रपिंडांवर जातो.

"मग करायचं काय?" मॅडमनी पेन उघडलं.

"रोज सकाळी सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरे, तो सुमारे ९७ टक्के 'बी' किरण अडवतो. 'ए' किरणांसाठीही संरक्षण लिहिलेलं असलं पाहिजे. दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. ऑस्ट्रेलियात नंबूर गावी सुमारे नऊशे जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज लावणाऱ्यांची कातडी, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. रात्री ट्रेटिनॉइन, वाटाण्याएवढं. सुरुवातीला सालं निघतील, आग होईल, मग सरावेल. फरक दिसायला महिने लागतात."

मॅडम खुलल्या. ज्या कामाला वेळ लागतो, त्यावर त्यांचा विश्वास बसतो.

"आणि आठी?"

"आठी बोटॉक्सने जाईल. चार-पाच दिवसांत फरक, दोन आठवड्यांत पूर्ण. क्वचित पापणी थोडी खाली येते, ती काही आठवड्यांत आपोआप वर जाते. बाटली तुमच्यासमोर उघडेन, बॅच नंबर लिहून देईन."

बाटलीचा बॅच नंबर! मॅडमच्या चेहऱ्यावर मी असं समाधान मार्चअखेरचा ताळमेळ जुळल्यावरच पाहिलं आहे. आता मंजुरी होणार, असं मला वाटलं. पण लेखाधिकारी शेवटचा प्रश्न राखून ठेवतो.

"सुई घेतल्यावर मला आठी पाडायची असेल तर?"

"पडणार नाही."

"समजा, बिलात गोलमाल आहे, मोजमाप पुस्तिकेत पान चिकटवलेलं आहे, आणि ठेकेदार समोर हसतोय. तरी?"

"तुम्हाला राग येईल. पण कपाळाला कळणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

बातमी कार्यालयात आमच्या आधी पोचली. कोणी फोडली माहीत नाही. मी शिपायाला फक्त एवढंच म्हटलं होतं की कोणाला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागात अभूतपूर्व उत्साह होता. जुने, त्रुटी काढून परत पाठवलेले कागद धूळ झटकून बाहेर आले. एक उपअभियंता मला कॅन्टीनमध्ये विचारता झाला, "तारीख नक्की झाली का हो? म्हणजे बिल त्यानंतर सादर केलेलं बरं." एरवी मॅडमना बघून जिना बदलणारी माणसं आता थांबून म्हणू लागली, "मॅडम, स्वतःसाठी काहीतरी करायला हवं माणसानं!" स्त्रियांनी स्वतःकडे लक्ष द्यावं, यावर ठेकेदार संघटनेचं इतकं एकमत मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्यांतल्या एकाने तर कमाल केली. कांदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि खुर्ची ओढून आपुलकीने म्हणाला, "मॅडम, माझ्या मेहुण्याचं पुण्यात क्लिनिक आहे. एकदम टॉप. तुम्ही नुसतं या. बिलाचं काही बघू नका."

'बिलाचं काही बघू नका' हे वाक्य मॅडमच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर कोणी उच्चारलेलं नव्हतं. मी समोरच बसले होते. आधी डावी भुवई आत सरकली, मग उजवी आणि मधोमध ती उठली. पूर्ण लांबीची, खोल, नाकाच्या मुळापासून कपाळापर्यंत सरळ. ठेकेदार उभा राहिला. पेढे उचलले. दारापर्यंत गेला, परत आला आणि कोणी न विचारता म्हणाला, "मॅडम, त्या पाणंद रस्त्याच्या बिलात खडीचा आकडा जरा पुन्हा बघतो मी."

तो गेल्यावर मॅडमनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि बराच वेळ कपाळ पाहिलं. हळहळ नव्हती त्या पाहण्यात. जडवस्तू संग्रह नोंदवही पडताळताना कपाटातली वस्तू खरंच कपाटात आहे ना, हे त्या ज्या नजरेने बघतात, ती नजर होती.

संध्याकाळी अंतिम आदेश झाला. मी तो जसाच्या तसा देते.

"१. सनस्क्रीन व ट्रेटिनॉइन : देखभाल-दुरुस्ती या बाबीखाली मंजूर. २. वांग : डॉक्टरांच्या देखरेखीखाली सावकाश. लेसरची घाई नको. ३. फिलर : नामंजूर. खळगे नैसर्गिक असून वाहतुकीस अडथळा नाही. ४. भुवयांमधील आठी : सदर आठी खाजगी चेहऱ्यावर असली तरी तिचा वापर पूर्णतः शासकीय कामासाठी होत असल्याने सेवाकाळात ती नष्ट करता येणार नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी निर्लेखनाचा प्रस्ताव फेरसादर करावा. त्या वेळी इच्छा असल्यास वीस युनिट. ५. सासूबाईंच्या प्रश्नास उत्तर : मला स्वतःला. सबब प्रकरण बंद."

पाचव्या मुद्द्यावर मी जरा अडखळले. चार वर्षांनी ही बाई सुई घेणार आहे, नक्की घेणार आहे, आणि तेव्हा तिला कोणाचा अभिप्राय लागणार नाही, हे त्या दोन शब्दांत सहीशिक्क्यानिशी होतं.

आदेशाला एक जोडपत्रही होतं. "वित्त विभागातील बैठक व्यवस्थेत प्रशासकीय कारणास्तव बदल करण्यात येत आहे." त्यानुसार मॅडमचं टेबल आता आतल्या भिंतीशी, सावलीत आहे. खिडकीला लागून माझं आहे. उजवा गाल तापायला लागला तेव्हा मी अर्ज केला की या टेबलासाठी कार्यालयाकडून सनस्क्रीन मिळावं. अर्ज त्याच दिवशी परत आला. मॅडमच्या सुवाच्य अक्षरात वर एकच शब्द होता : "स्वखर्चाने."