भिंगकाका

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, शेअर बाजाराला लागतात. काका कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सना लागले. नवी लेन्स घेणं त्यांच्या लेखी पाप. “खोक्यातून बाहेर काढली की निम्मी किंमत गेली,” असं ते म्हणतात, आणि ती निम्मी किंमत दुसऱ्याच्या खिशातून जावी एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

बुधवारी आणि रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात दिसतात. बंद पडलेल्या इस्त्र्या, पितळी कुलुपं आणि एक तंगडी गेलेला ट्रायपॉड यांच्यामधून एखादा याशिका कॅमेरा उचलून बघतात, पण तो नुसता रियाज. खरी स्वारी फोर्टातल्या बोराबाजारात. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची, सीएसएमटीला उतरून रस्ता ओलांडायचा आणि ठरलेल्या काउंटरसमोर उभं राहायचं. काका दिसले की दुकानदार आधी चहा सांगतो. पुढचा तास गेला, हे त्याला ठाऊक असतं.

काका खिशातून टॉर्च काढतात. मोबाइलचा नव्हे, वेगळा, बारीक. लेन्सची दोन्ही झाकणं काढायची, आतल्या पाकळ्या पूर्ण उघडायच्या आणि मागून तिरका झोत टाकायचा. ‘आ कर’ म्हणत घसा बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरसारखे ते आत डोकावतात. धूळ चालते, थोड्याफार धुळीने फोटोत काही फरक पडत नाही. पुढच्या काचेवर बारीक ओरखडा असला तरी चालतो, उलट भाव पाडायला बरा. बुरशी मात्र नको. तरीही काठाकडून आत सरकणारे पांढुरके तंतू दिसले की, आपली नजर चुकली नाही या आनंदाने, काकांचा चेहरा उजळतो. मुंबईचा पावसाळा चामड्याच्या केसमध्ये बंद राहून काढलेल्या लेन्सला ही बुरशी सहज धरते, आणि एकदा तिने काचेवरचा लेप खाल्ला की कितीही पुसा, डाग जात नाही.

“बुरशी आहे.”

“धूल है, साहब.”

“धुळीला फांद्या फुटत नाहीत.”

मग पाकळ्यांवर तेल आलंय का, फोकसची रिंग अडकते का, स्क्रूची डोकी खरवडलेली आहेत का, म्हणजे आधी कोणी उघडून बसलंय का. कानाशी हलवून काही खुळखुळतंय का, हेही पाहायचं. शेवटी काका लेन्स नाकाशी नेतात. ओल्या कपाटाचा वास आला की पाचशे कमी. दुकानदारही मुरलेला. “सूंघने का डिस्काउंट नहीं है, साहब,” म्हणाला आणि दोनशेवर तुटलं.

तर असे हे काटकसरी काका. आता त्यांचा हिशेब बघा. ५८ मिलिमीटरची हेलिओस ४४-२ त्यांना तीन हजारांत मिळाली. सोव्हिएत काळातल्या झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी, जर्मन बायोटारच्या धर्तीवर बनवलेली. हिच्यातून काढलेल्या फोटोत मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात. जगभरातले शौकीन या गरगरण्यावर फिदा आहेत, आमच्या सौ.ला ते बघून ॲसिडिटी आठवली. पण अडचण निराळीच होती. या लेन्सचे आटे एम ४२ जातीचे, आणि त्या जातीत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. काकांच्या निकॉनमध्ये ते ४६.५. एका मिलिमीटरने घात केला. साध्या अडॅप्टरवर लावल्यावर बाल्कनीतली तुळस लख्ख, आणि दोन-तीन मीटरपलीकडचं सगळं जग धुकट. मग मध्ये काच असलेला अडॅप्टर आणला. त्यातून सिंहगड दिसला, पण मोतीबिंदू झालेला. कॅननच्या डिजिटल एसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर, तिथे साधा अडॅप्टर बिनदिक्कत चालतो. म्हणून काकांनी जुना कॅनन कॅमेरा घेतला, अकरा हजारांना. लेन्स स्वस्तात पडली, हे त्यांचं म्हणणं आजही कायम आहे.

घरात या लेन्सची व्यवस्था काकूंच्या डब्यांत. हवाबंद झाकणाचे चांगले डबे एकेक करून स्वयंपाकघरातून गेले, डाळी प्लास्टिकच्या पिशव्यांत आल्या. डब्यात सिलिका जेलचे निळे खडे असतात. ओल शोषून ते गुलाबी झाले की काका त्यांच्या वेगळ्या कढईत मंद आचेवर परततात आणि पुन्हा निळे करतात. जुलैत हा कार्यक्रम वरचेवर. रव्याइतक्या प्रेमाने भाजतात, असं काकू म्हणतात. रवा त्यांनी कधी भाजलेला नाही, हेही त्याच सांगतात.

एप्रिलमध्ये गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत असतात आणि शेजारी काकांची सुपर टाकुमार. ही पेंटॅक्सची ५० मिलिमीटर लेन्स. हिच्या काचेत थोरियम असतं, त्यामुळे वर्षानुवर्षांनी ती चहासारखी पिवळी पडते. काही आठवडे ऊन दाखवलं की पिवळेपणा बराचसा उतरतो. पहिल्या वर्षी दुपारचं ऊन भिंगातून एकवटून कुरडयांखालच्या प्लास्टिकला भोक पडलं. तेव्हापासून टाकुमारचं बस्तान पाण्याच्या टाकीपलीकडे. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं, हे काकूंना अजून कळलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

फोटो? काढतात की. खिडकीचे गज, विटांची भिंत, सोसायटीचं मांजर. न हलणाऱ्या गोष्टींवर त्यांचं प्रभुत्व आहे. मांजरही झोपलेलंच लागतं. जुन्या लेन्सचा फोकस हाताने जुळवावा लागतो. पुतण्याच्या मुंजीत तो जुळेपर्यंत मातृभोजन आटोपून बटू आइस्क्रीमच्या रांगेत उभा होता. दिवाणखान्यात लागलेला फोटो मावसभावाच्या मोबाइलमधला आहे. काकांनी तो जवळून पाहिला आणि “कडा मारल्यात” एवढंच म्हणाले. कडा खरोखरच मारल्या होत्या.

मला विचाराल तर त्यांच्या नजरेला तोड नाही. बुरशी त्यांच्या टॉर्चमधून सुटलेली मी पाहिलेली नाही. तेव्हा जुनी लेन्स घ्यायची असेल तर काकांना जरूर बरोबर न्या, चहा पाजा, तपासू द्या, भाव करू द्या. फक्त सौदा झाला की पैसे मोजून त्यांचा हात धरा आणि पाच दहाची परतीची डेक्कन क्वीन गाठा. शेजारच्या काउंटरकडे बघू देऊ नका.