वाशिष्ठी मार्क २

दाभोळचा वीज प्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. एन्रॉनने येताना नाव तेवढं आमचं उचललं, आणि २००१ साली प्रकल्प थंडावला, कंपनी बुडाली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत बुडालो आम्ही. त्याआधी गाव असं गाजलं होतं ते १५०८ च्या डिसेंबरात, फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने बंदर जाळलं तेव्हा. एवढी पुण्याई गाठीशी असल्यावर माणसं वर्तमानकाळात फारशी राहत नाहीत. धोपाव्याची फेरीबोट येईपर्यंत जेटीवर उभं राहा. आल्मेदा आला नसता तर मुंबईला कुत्रं विचारत नव्हतं, एन्रॉन चाललं असतं तर गुंठ्याला काय भाव आला असता, हे सगळं फुकट ऐकायला मिळतं. मग बोट लागते आणि उरलेलं उद्यावर जातं.

काका या मंडळींत बसत नाहीत. तोंडी जर-तर त्यांना मंजूर नाही. त्यांचं जर-तर फूटभर लांब आहे, त्याला चार जेट इंजिनं आहेत आणि ते पडवीत, काकींच्या शिवणयंत्राच्या टेबलावर, वाळत ठेवलेलं असतं. वाशिष्ठी मार्क २. दुसऱ्या महायुद्धातलं, १९४६ सालचं, लांब पल्ल्याचं जेट बॉम्बर. असं विमान कधी कुठे झालं नाही. महायुद्धही १९४६ सालापर्यंत चाललं नाही. मी एकदा सहज विचारलं, "मार्क १ कुठंय?"

"गुहागरसमोर. समुद्रात," काका म्हणाले. "चाचणीच्या वेळी गेलं. दोघं वाचले, तिसरा नाही." आणि ते भिंगातून खाली बघत राहिले. मलाही लगेच चहा मागणं बरं दिसेना.

मुंबईत नोकरी संपवून कोकणात परतणाऱ्या चाकरमान्यांपैकी काही जण कलमं लावतात, काही देवळाच्या कमिटीत शिरतात आणि उरलेले भावकीवर दावा लावतात. काका पिंडाने तिसरे. जन्म ड्रॉइंग ऑफिसात गेलेला. कागद, मोजमाप, तारीख, साक्षीदार याशिवाय बोलणं नाही. पण सख्खा भाऊ नाही, चुलतभाऊ निघाले सज्जन. दाव्याची सगळी तयारी वाया जाणार, एवढ्यात त्यांना प्लॅस्टिकची विमानं सापडली.

हे संच बाहेरून येतात. कुरिअरवाला दापोलीच्या पुढे यायला कुरकुरतो म्हणून काका एसटीने जाऊन खोकं मांडीवर घेऊन येतात. आत चौकटींना चिकटलेले करडे तुकडे: पंखाचे वरचे अर्धे, खालचे अर्धे, चाकं, बंदुका, नखाएवढा वैमानिक. बहुतेक खोक्यांवर १:७२ असं प्रमाण छापलेलं असतं. सहा फुटी माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो, म्हणून ते सोयीचं. सरळमार्गी माणूस खोक्यावरच्या चित्रासारखं विमान जुळवतो आणि कपाटात ठेवतो. काका तीन खोकी एकदम फोडतात. धड ब्रिटिश लँकेस्टरचं, पंख कुठल्याशा जर्मन संचातले, पुढचं चाक अमेरिकन लिबरेटरचं, आणि आराडो २३४ च्या दोन संचांतून काढलेली इंजिनं. हे आराडो म्हणजे लढाईत उतरलेलं जगातलं पहिलं जेट बॉम्बर, १९४४ सालचं. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांना चाकंच नव्हती. गाड्यावरून उडायचं, गाडा धावपट्टीवर सोडायचा आणि उतरताना गवतावर पोटाखालच्या घसरपट्टीने घसरायचं. काका हे सांगतात तेव्हा त्यांचा सूर घरातल्या वाया गेलेल्या हुशार मुलाबद्दल बोलावं तसा असतो.

कॅनबेराचे पंख त्या धडाला अगदी बेतशीर बसत होते. काकांनी लावून बघितले, सुस्कारा टाकला, काढले.

"का हो?"

"कॅनबेरा पहिल्यांदा उडालं १९४९ साली. सेहेचाळीसच्या विमानाला एकोणपन्नासचे पंख? लोक काय म्हणतील?"

हे लोक कोण, ते मला अजून कळलेलं नाही. आख्ख्या दापोली तालुक्यात काकांची ही चोरी पकडू शकेल असे एकटे काकाच.

खरी गंमत विमानात नाही, त्याच्या कागदपत्रांत आहे. त्यासाठी एक दोनशे पानी वही आहे. इतिहासाचा पाया त्यात चोख घातलेला: १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले होते, हे खरं. इथून पुढे काकांचे जपानी माघारी न जाता वळसा घालून अरबी समुद्रात येतात. त्यांना थोपवायला जेट बॉम्बर. जर्मनी १९४५ च्या मेमध्ये शरण आल्यावर हाती लागलेली इंजिनं मुंबईच्या गोदीत उतरतात. आणि विमानतळ? दाभोळच्या वरचा सडा.

सड्यावर धावपट्टी मावते का, हे बघायला काका पुतण्याला घेऊन पन्नास मीटरची टेप लावत उन्हात हिंडले. एका गुराख्याने विचारलं, "रस्ता जातोय काय?" काका मोजमापात गुंतलेले, बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे होकार. संध्याकाळपर्यंत गावात महामार्ग आला आणि दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी घाईघाईने आंब्याची रोपं लावली, झाडाची नुकसानभरपाई वेगळी मिळते म्हणून. ती रोपं आता कमरेएवढी झाली आहेत. काकांच्या उद्योगाचा गावाला झालेला एवढाच फायदा.

मोजणीत मैलभर लांबी निघाली, पण काका खूश नव्हते.

"मधल्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. तेरा जण सही देतात. चौदावा गिरगावात. पत्राला उत्तर नाही."

"कधी लिहिलंत पत्र?"

"मी कशाला लिहू? सरकारने लिहिलं. पंचेचाळीस साली."

युद्ध चालू असताना सरकार जमीन सरळ ताब्यात घेईल, असं मी सुचवलं. काकांनी भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं. "अरे, हिटलरला हरवणं वेगळं. कोकणातली सामाईक जमीन वेगळी."

तेव्हा वहीत धावपट्टी आखूड पडली. आखूड धावपट्टीवरून बॉम्बसकट उडायचं तर जादा रेटा हवा. आराडोलाही जड ओझं घेऊन उडताना पंखांखाली रॉकेटं लावत, ती उडाल्यावर छत्रीने खाली येत. म्हणून वाशिष्ठीच्या पंखांखाली दोन रॉकेटं आली. एका सहीपायी! काकांनी ती बॉलपेनच्या टोपणांची केली आणि त्यांच्यावर, शक्य तितक्या बारीक अक्षरात, त्या चौदाव्या हिस्सेदाराचं आडनाव लिहिलं. ते मी इथे देत नाही. गिरगावात त्या आडनावाची पुष्कळ मंडळी आहेत.

काकींचा या सगळ्याला विरोध नाही, फक्त त्यांचं सामान घरात टिकत नाही. नेलपॉलिश जातं, कान कोरायच्या काड्या जातात, भुवयांचा चिमटा तर कायमचा पडवीत राहायला गेला. शेपटीकडच्या बंदुकधाऱ्याला काचेचा घुमट हवा होता. तो काकींच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटातला एक फुगा कापून झाला. गोळी बाहेर राहिली, काकी ती घ्यायला विसरल्या आणि प्रेशर काकांमुळे वाढलं की विमानामुळे, यावर डॉक्टरांसमोर चर्चा झाली. पण कळस टिकल्यांनी गाठला. पंखांवर हवाई दलाचं गोल चिन्ह पाहिजे. मोठी गडद निळी टिकली, तिच्यावर छोटी फिकट निळी. काकी बाजारातून येताना चांगल्या मनाने लाल घेऊन आल्या.

"अगं, लाल नको!"

"अहो, बाईमाणसाने दुकानात निळ्या मागायच्या म्हणजे..."

"लाल ठिपका जपान्यांचा. आपलेच लोक पाडतील."

यातही काकांचंच बरोबर होतं. आपल्याच तोफांनी घोटाळा करू नये म्हणून युद्धात इकडच्या ब्रिटिश विमानांनी चिन्हातला मधला लाल ठिपका खरोखरच काढून टाकला होता. दुसऱ्या दिवशी काकी निळ्या आणायला गेल्या. दुकानदाराने "घरात सगळं बरं आहे ना?" असं विचारलं, ते त्यांनी काकांना सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं. निळ्या टिकल्या मखमली निघाल्या, म्हणून त्याही परत गेल्या. मखमलीने वेग कमी होतो.

जेटीवरच्या एका विनोदी गृहस्थाने मध्यंतरी शंका काढली, की १९६१ च्या १८ डिसेंबरला गोव्यावर गेलेल्या आपल्या विमानांनी 'दाबोळी'ऐवजी 'दाभोळ' ऐकलं असतं तर? दाबोळीच्या धावपट्टीवर त्या सकाळी पुण्याहून गेलेल्या बारा कॅनबेरांनी बॉम्ब टाकले होते. सगळे हसले. काका घरी जाऊन नकाशा घेऊन आले आणि दोन्ही गावांच्या अक्षांशात दोन अंशांहून जास्त फरक आहे, सबब ते शक्य नव्हतं, हे त्यांनी बोट सुटली तरी सांगितलं.

त्याच गृहस्थाने विमानाला खिचडी म्हटलं, तेव्हा मात्र काकांनी ठेवणीतलं काढलं. "युंकर्स २८७ ऐकलंय?" कुणी ऐकलं नव्हतं. जर्मनांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये खरोखर उडवलेलं चार इंजिनांचं जेट बॉम्बर, पंख मागे नाही तर पुढे झुकलेले. वेळ नव्हता, सामान नव्हतं; म्हणून पहिल्या नमुन्याला धड हाइंकेल १७७ चं घेतलं, शेपटी युंकर्स ३८८ च्या भागांची, मोठी चाकं युंकर्स ३५२ ची आणि पुढची चाकं पाडलेल्या अमेरिकन लिबरेटर विमानांची. "शत्रूचं चाक लावून उडवलं त्यांनी. आणि उडालं! आपलं कानपूर घ्या. ब्रिटिशांनी जाताना मोडूनतोडून टाकलेली लिबरेटरं तिथे पडली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टने ती दुरुस्त करून चाळीसच्या वर उभी केली. हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरली. खिचडी म्हणे!"

कांदिवलीत घराच्या गच्चीवर खरं विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांबद्दल काकांना अपार आदर आहे. "पण त्यांना परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले," असं म्हणताना ते टेबलावरच्या आपल्या विमानाकडे समाधानाने बघतात.

परवा नाकाचं काम निघालं. पुढे चाक असलेल्या विमानाचं नाक हलकं राहिलं तर ते शेपटीवर बसतं, म्हणून नाकात वजन भरायचं असतं. बंदरावरचा एक तांडेल जाळ्याचं शिसं घेऊन आला. काकांनी शिशाची एकेक गोळी चिमट्याने आत सोडली, एम-सीलने दाबली, मग मोठ्या चाकांपाशी दोन बोटांवर विमान तोललं. नाक वरच. आणखी एक गोळी. वरच. पाचव्या गोळीला नाक हळूच वाकलं आणि काकांनी मघापासून धरलेला श्वास सोडला. तांडेल सगळं बघत होता. अडाण्यासारखा एकही प्रश्न त्याने विचारला नाही.

"काका, इंजिन किती तास चालतं?"

"दहा ते पंचवीस. मग उतरवायचं. उष्णता सोसणारे धातूच नव्हते ना जर्मनांकडे. निकेल नाही, क्रोमियम नाही."

"आणि अशी चार?"

"चार."

तांडेलाने मनातल्या मनात हिशेब केला. चेहऱ्यावरून तो काही बरा आला नसावा. "खातं काय? पेट्रोल?"

"छे. जवळजवळ डिझेलच म्हण."

"मग मच्छीमारीवर दाखवा. डिझेलचा परतावा मिळेल."

"परतावा बोटीला असतो रे."

"मग खाली तरंगे लावा."

ऐकीव माहितीवर काका कधी काही बदलत नाहीत. पण या वेळी त्यांनी चिमटा खाली ठेवला, वही ओढली, कोरं पान काढलं आणि वर लिहिलं: मार्क ३. मग एकदम उठून उभे राहिले.

"अरे, पाण्यावरून उडालं तर धावपट्टी कशाला? त्या गिरगावकराची सहीच नको!"

"ते खरं," तांडेल म्हणाला, "पण खाडीच्या तोंडाशी गाळ आहे. भरती बघूनच सोडावं लागेल."