काचेच्या पेटीतला धूर विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एअर प्युरिफायरचे विक्रेते आणि त्यांच्या जाहिराती लिहिणारे,
मुक्काम मुंबई, आणि नोव्हेंबर लागला की हवा बिघडते अशी सगळी शहरं

महोदय,

तुमच्या दुकानातली काचेची पेटी मी नीट पाहून आले. पेटीत उदबत्ती लावता, धूर दाटला की यंत्र चालू करता आणि बघणारा दहा मोजेपर्यंत पेटी लख्ख होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी "अगं बाई!" म्हणून तिथल्या तिथे पिशवीतून पाकीट काढलं. तुम्ही हुशार आहात, हे मी मनापासून म्हणते. अडाण्याला हे जमणारच नाही. पेटी असते दोन-तीन घनफुटांची. आजींच्या नातवाची खोली बाराशे घनफुटांची. पेटीत धूर एकदा सोडला की संपला. खोलीत तो दाराच्या फटीतून, खिडकीतून, समोरच्या पाडकामातून दिवसभर येत राहतो. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आजींना नाही, आणि तुमचा गल्ला त्यावरच भरतो.

मी एवढी चिडले आहे त्याला कारण आहे. माझी धाकटी बहीण चेंबूरला राहते. तिच्या मुलाला दमा आहे. समोरच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून त्याच्या इनहेलरचे पफ वाढले. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, इमारतीला हिरवं कापड, राडारोड्यावर पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुवायची. बहिणीच्या समोर पत्रे आहेत, पाण्याचा पत्ता नाही. त्या बिल्डरचा हिशेब वेगळा करूच. पण तो धूळ उडवतो ती निदान दिसते. लोक त्या धुळीला घाबरून तुमच्या दारात येतात, आणि तुम्ही त्यांच्या डोळ्यांत ती नव्याने फेकता.

आता खोक्याकडे येऊ. बहिणीला विकलेल्या यंत्राच्या खोक्यावर चार बोटं उंचीच्या अक्षरांत छापलंय, '६०० चौरस फुटांसाठी'. यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं, त्या मापाला सीएडीआर म्हणतात; ग्राहकाने पहिल्यांदा विचारायचा आकडा हाच. तो तुम्ही खोक्याच्या तळाशी, बारकोडला खेटून, भिंग लावून वाचावा अशा अक्षरांत छापलाय: १८० घनमीटर प्रति तास. ६०० चौरस फुटांचं घर, दहा फूट उंचीचं छत, म्हणजे साधारण १७० घनमीटर हवा. तुमचं यंत्र ती तासाला जेमतेम एकदा गाळणार, तीही पंखा सगळ्यात जोरात चालवला तर. दम्याच्या मुलाच्या खोलीतली हवा तासाला पाचेक वेळा गाळली जावी, असा हिशेब या विषयातली माणसं धरतात. १० बाय १२च्या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. तिला पाचने गुणलं की १७० येतात. म्हणजे हेच यंत्र एका बेडरूमला चोख आहे! तसं सांगून विकलं असतंत तर बहिणीने ते मुलाच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं असतं. तुमच्या ६००वर विसंबून ते हॉलमध्ये राहिलं, तेही सोफ्यामागे, भिंतीला चिकटून, कारण तुमच्या माणसाला जवळचा प्लग तिथे सापडला. यंत्राच्या चारी बाजूंनी हात-दीड हात मोकळी जागा लागते, नाहीतर ते स्वतःच बाहेर टाकलेली हवा पुन्हा ओढत बसतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि त्या माणसाने केलेलं दुसरं काम मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवाळीनंतर मी बहिणीकडे गेले होते. पोराच्या छातीत शिट्टी वाजत होती आणि यंत्रावर मात्र निळा दिवा, 'हवा उत्तम'. मागचं झाकण काढून पाहिलं तर आतला गोल फिल्टर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. कारखान्यात घातलेली पिशवी, वर लाल अक्षरांत सूचना, चिकटपट्टीसुद्धा जशीच्या तशी. तुमचा माणूस आला, बटण दाबलं, दिवा लागला, मोबाइलवर फोटो काढून 'इन्स्टॉलेशन पूर्ण' अशी नोंद केली आणि पुढच्या पत्त्यावर गेला. आठवड्यांमागून आठवडे ते यंत्र नुसतं घोंघावत राहिलं. मी पिशवी फाडली तेव्हा फिल्टर कोऱ्या वहीसारखा पांढरा होता. त्या हवेत चालणाऱ्या फिल्टरने एव्हाना राखाडी पडायला हवं होतं.

मग निळा दिवा कसला? यंत्रातला सेन्सर आपल्या नाकाजवळची हवा मोजतो, पलंगावर झोपलेल्या पोराच्या नाकाजवळची नाही. स्वस्तातले सेन्सर चुकतातही भरपूर. तुम्ही मात्र विकताना त्या दिव्याकडेच बोट दाखवता. रात्रीच्या 'स्लीप मोड'चं तर बोलायलाच नको. खोक्यावरचा सीएडीआर हा पंख्याच्या सर्वांत मोठ्या वेगाचा असतो. झोपमोड होऊ नये म्हणून वेग उतरवला की तो कित्येक यंत्रांत निम्म्याच्याही खाली येतो. मूल झोपायच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ असतं ते रात्रीच. म्हणून थोडं मोठं यंत्र घ्यावं आणि मधल्या वेगावर चालवावं, हे एक वाक्य तुमच्या काउंटरवर कुणाच्या तोंडून निघत नाही. वर 'सात टप्प्यांचं शुद्धीकरण' मोजून दाखवता. कॉपर, नॅनो सिल्व्हर, प्लाझ्मा, व्हिटॅमिन सी.

या सात टप्प्यांतला धुळीचं काम करणारा टप्पा एकच, हेपा. तंतूंचं दाट जाळं, घड्या घालून बसवलेलं. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्याच मापावर होते. त्याहून मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात आणि त्याहून बारीक कण हवेत सैरभैर हलत राहिल्याने तंतूंना चिकटतात. युरोपीय मानकातला एच-१३ फिल्टर त्या अवघड मापाचेही ९९.९५ टक्के कण अडवतो. हे तंत्र १९४०च्या दशकात अणुबॉम्बच्या प्रकल्पातली किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी उभं राहिलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुम्ही 'हेपा-टाइप' लिहिता, आणि त्या 'टाइप'मध्ये काय वाटेल ते खपतं. कार्बनचा थर म्हणून जाळीवर काळे कण भुरभुरवता. वास आणि वायू शोषायला कार्बन वजनाने भरपूर लागतो, आणि त्याचे ग्रॅम खोक्यावर कुठेच नसतात.

सात टप्प्यांतल्या एका टप्प्याबद्दल मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही: आयन सोडणारं बटण. आयनायझरमधून थोडाफार ओझोन बाहेर पडू शकतो, आणि ओझोनने श्वासनलिका चुरचुरते, दमा उसळतो. कॅलिफोर्नियात २०१०पासून घरगुती यंत्रांना त्याची मर्यादा आहे, दहा लाख भागांत ०.०५ भाग, त्याहून जास्त सोडणारं यंत्र तिथे विकता येत नाही. इथे तुम्ही त्याच बटणावर हिरवं पान काढता आणि 'जंगलातली ताजी हवा' म्हणून दम्याच्या मुलाच्या आईच्या गळ्यात मारता. विकत घेताना बहिणीने तुम्हाला सांगितलं होतं, मुलाला दमा आहे. तिने ते बटण आता कायमचं बंद केलंय.

पुढे देखभाल. पहिल्या जाळीवर केस, कापसाचं पिंजण, कबुतराच्या पिसांचा भुगा बसतो. ती दर आठ-पंधरा दिवसांनी झटकावी, धुतली तर पूर्ण वाळवूनच परत लावावी. हेपा कधीही धुवायचा नाही, आपटायचा नाही. पाण्याने त्याचं जाळं बिघडतं आणि त्यानंतर तो फक्त दिसायला फिल्टर उरतो. तुमचे कॉल सेंटरवाले बहिणीला म्हणाले, "मॅडम, नळाखाली धरा." शिवाय फिल्टर बदलायचा लाल दिवा कित्येक यंत्रांत फक्त तास मोजतो. त्याला चेंबूरचा जानेवारी आणि चेंबूरचा जुलै सारखाच. पावसाळ्यात मुंबईची हवा पाऊस धुऊन काढतो. तेव्हा यंत्र बंद करून फिल्टर कोरड्या जागी ठेवला तर पैसे वाचतात आणि दमटपणाने बुरशीही धरत नाही. हे सांगितलं तर वर्षाला एक फिल्टर कमी खपेल, म्हणून सांगत नाही. नव्या फिल्टरचा भाव विकताना बोलत नाही. दोन वर्षांनी मॉडेल बंद करता आणि "फिल्टर येत नाही, नवीन मशीन घ्या" म्हणता. मग लोक बाजारातला नक्कल फिल्टर घेतात. त्याच्या कडेची फोमची पट्टी बसत नाही आणि हवा गाळल्याशिवायच बाजूने निसटते.

तुमच्या जाहिरातीतलं घर मी रोज टीव्हीवर बघते. पांढरे पडदे, पांढरी गादी, बंद खिडक्या, हसणारं बाळ. बंद खिडक्यांच्या खोलीत चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यावर तुमच्या यंत्राचा काडीचा उपयोग नाही. गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड कोंडला तर तो जीव घेईल, आणि तुमचा दिवा निळाच राहील. मुंबईत दुपारी समुद्रावरचं वारं सुटतं, धूर-धूळ वर पांगते. पहाटेपेक्षा तेव्हा खिडक्या उघडणं बरं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं 'सफर' किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप पाहून ठरवता येतं. आणि डासांची कॉइल! तिच्यातून सिगारेटी ओढाव्यात तसे बारीक कण निघतात. २००३मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासाने एका कॉइलची बरोबरी ७५ ते १३७ सिगारेटींशी केली होती. यंत्राशेजारी कॉइल लावणाऱ्या घराला तुमच्या माणसाने नुसतं "ताई, ती विझवा, मच्छरदाणी लावा" म्हटलं, तर तेवढ्यानेही त्या पोराचं भलं होईल.

गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. बारीक कणांची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २०२१पासून वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची २००९पासून ४०. ज्या आईला यंत्र हवंय तिने ते घ्यावं, पण पुरती माहिती हातात घेऊन घ्यावं. बीजिंगमध्ये २०१३ साली थॉमस टॅल्हेल्म नावाच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने साध्या पंख्याला हेपा फिल्टर बांधून घरगुती यंत्र केलं आणि लोकांना ते करायला शिकवलं. पंखा आणि चांगला फिल्टर, मूळ मामला एवढाच. बाकी सगळं तुमचं प्लॅस्टिक.

आता माझं मागणं ऐका. खोक्यावर 'चौरस फूट' ज्या आकारात छापता त्याच आकारात सीएडीआर छापा, आणि तो चौरस फुटांचा आकडा तासाला पाच वेळा हवा गाळण्याच्या हिशेबाने काढा. रात्रीच्या वेगाचा सीएडीआर वेगळा द्या. फिल्टरचा आजचा भाव आणि तो किती वर्षं मिळेल, हे बिलावर लिहून द्या. आयनायझर काढता येत नसेल तर निदान तो बंद ठेवूनच पाठवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा सापडलात तर ५० लाखांपर्यंत. बहिणीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, नोंदवली आहे. पुढची तक्रार थेट त्या प्राधिकरणाकडे जाईल.

आणि एक काम उद्याच करा. तुमच्याकडे 'इन्स्टॉलेशन पूर्ण' झालेल्या घरांची यादी आहे, फोन नंबर आहेत, फोटोसुद्धा आहेत. एकेका घरी फोन लावा, मागचं झाकण उघडायला सांगा आणि विचारा, फिल्टरवरची पिशवी काढली आहे का. नसेल तिथे माणूस पाठवा, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे त्या घराला परत करा.

आपली,
चेंबूरच्या त्या पोराची मावशी