एकलव्याचे तीस टक्के

माणसाचा हात म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्र, हस्तसामुद्रिक आणि केंद्र शासन या तिघांनी दिलेले असून त्यांपैकी शेवटचे उत्तर सर्वांत काटेकोर आहे. दिव्यांगत्व मोजण्याच्या शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पंजाची किंमत 90 टक्के असून ती पकड, संवेदना आणि ताकद यांच्यात भावकीतल्या वाटणीसारखी 30-30 वाटलेली आहे. पकडीच्या वाट्यात अंगठा चारही बोटांना टेकवण्याला 8, किल्ली धरण्याला 5, दांडा आणि चेंडू मुठीत धरण्याला प्रत्येकी 6, तर आकडी पकडीला, म्हणजे बोटे आकड्यासारखी वाकवून पिशवी उचलण्याला, 5 टक्के मिळतात; जे जमत नाही, तेवढे दिव्यांगत्व पदरात पडते.

बाहूची परीक्षा याहून संस्कृतिनिष्ठ आहे. तीत नाडी बांधणे, केस विंचरून वेणी घालणे, बटणे लावणे आणि भारतीय पद्धतीने जेवणे या क्रियांना प्रत्येकी 9 टक्के आहेत. भारतीय पद्धत म्हणजे वरणभाताचा मऊ घास की तांबड्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी, याचा खुलासा मात्र केलेला नसल्याने कोल्हापूर जिल्ह्यापुरता तरी निकाल संदिग्ध राहतो. पंजाच्या परीक्षेतले दांडा आणि चेंडू प्रत्येकी मोठा चार इंची व लहान एक इंची असावा, असेही ठरलेले आहे. हुपरीचा चांदी कारागीर दिवसभर चिमट्यात धरतो ती पैंजणाची कडी या मापांत कुठेच बसत नाही, आणि शिरोलीच्या कारखान्यात प्रेसखाली बोटे गेलेला कामगार पूर्वी त्या बोटांनी काय करीत होता, हे विचारण्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

अंगठा मुळापासून गेला, तर त्याचे 30 टक्के धरले जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार किमान 40 टक्के असेल, तरच त्याला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणतात, आणि संजय गांधी निराधार अनुदानाचे दारही याच आकड्यावर उघडते. एकलव्य आज अर्ज घेऊन आला असता, तर गुरुदक्षिणा मान्य होऊनही अनुदान नामंजूर झाले असते. दोन दोषांची बेरीजही सरळ होत नाही. त्यासाठीच्या सूत्राने 30 आणि 30 मिळून 50 होतात, म्हणजे माणसाचे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा स्वस्त पडते.

न्यायालयांनी हात थोडा वेगळा वाचला आहे. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यातही अंगठ्याला 30 टक्केच होते. परंतु डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये नुकसान संपूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हे समजायला रंधा पाहिलेला असला म्हणजे पुरे. पण अनुदानाच्या खिडकीवर हा निवाडा चालत नाही, कारण तिथे उपजीविका नव्हे, अवयव मोजला जातो.

दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील निर्णय अमान्य असणाऱ्याला 2016 च्या अधिनियमाच्या कलम 59 खाली अपील करता येते आणि नियमांनी त्यासाठी 90 दिवस दिलेले आहेत. ज्याच्याकडून बटण लागत नाही, त्याने या मुदतीत अर्ज लिहावा, छायाप्रती काढाव्यात, त्या टाचाव्यात आणि अखेर प्रमाणपत्राच्या नमुन्यात ज्या जागी ‘सही किंवा अंगठ्याचा ठसा’ असा उदार पर्याय दिलेला आहे, तिथे दोन्हींपैकी काय उरले आहे ते उमटवावे. भरपाईच्या दाव्याचे अपील उच्च न्यायालयात जाते, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. अर्थात ही सोय कामगाराइतकीच मालकालाही झालेली आहे.

फेरतपासणीला जाताना अपीलकर्त्याने एवढी दक्षता घ्यावी, की कागदपत्रांची पिशवी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावी. ती दुखऱ्या हाताच्या बोटांना अडकवून तो वैद्यकीय मंडळासमोर उभा राहिला, तर आकडी पकड शाबूत असल्याचे दारातच सिद्ध होते आणि 5 टक्के तिथल्या तिथे वजा होतात.