मन आणि म्हैस

सनावळी सरांना कांद्याचा भाव विचारला, तर आधी १९९८ सालची दिल्लीची निवडणूक येते, मग कांदा. हे नाव त्यांना पोरांनी ठेवलं. कोणत्या बॅचनं आणि कोणत्या साली, ते मात्र खुद्द सरांनाही सांगता येत नाही. त्यांच्या आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट बिनतारखेची राहिली होती. म्हणजे परवापर्यंत.

सर इतिहास शिकवतात त्याच शाळेत मी गणित शिकवतो. इतिहासात काहीही लिहिलं तरी मार्क मिळतात, असा आम्हा गणितवाल्यांचा समज असतो. सरांच्या वर्गात तसं नव्हतं. उत्तरात सन नसला तर अर्धा गुण जायचा. चुकला तर अख्खा गुण जायचा आणि पोट्टं बाकावर उभं राहायचं. सव्वीस वर्षं हा कायदा चालला. बाळापुरातल्या चाळिशीच्या आतल्या कुठल्याही माणसाला भर झोपेत ‘पुरंदरचा तह’ म्हणून पाहा. तो ‘सोळाशे पासष्ट’ म्हणून कूस बदलतो.

गावाचा अभिमान म्हणाल तर तोही तारखेनिशी. १७२० च्या ऑगस्टात निजामउल्मुल्कानं सय्यद बंधूंच्या पुतण्याला, आलमअली खानाला, बाळापूरजवळच्या लढाईत मारलं आणि दख्खनवर पकड बसवली. पुढं १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिझ खानाचा निकाल लावून तो मोकळा झाला. सर हे दरवर्षी एकाच वाक्यात शिकवतात: “कळा बाळापूरले, बाळंतपण साखरखेर्ड्याले, अन् नाव झालं हैदराबादचं!” एरवी वर्गात सर शुद्ध बोलतात. वऱ्हाडी फक्त रागात किंवा अभिमानात निघते, आणि दोन्हींत फार अंतर नसतं.

तर अशा माणसानं बावन्नाव्या वर्षी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. घरी झालेला संवाद मला काकूंनीच ऐकवला.

“पगार वाढते का?”

“नाही.”

“मंग सहा वर्सांनी रिटायर होता तुम्ही, आता कायले डोक्याले ताप?”

“आजवर शिकवलं ते एकदा तपासून पाहाचं हाये.”

“मंग आधी लाईटचं बिल तपासा. दोन महिने झाले फ्रिजवर पडून हाये.”

कोर्सवर्कसाठी सर पहाटेच्या एसटीनं अकोला गाठायचे, तिथून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. सोबतची पोरं पंचविशीतली. ती लॅपटॉप उघडायची, सर दोनशे पानी वही उघडून समास आखायचे. तिथं त्यांना ‘प्राथमिक साधन’ हा शब्द भेटला आणि माणूस कामातून गेला. त्या काळचा मूळ कागद ते प्राथमिक साधन, नंतर कुणी लिहिलं ते दुय्यम. महिन्याभरात किराण्याची चिठ्ठी प्राथमिक झाली आणि दुकानदाराचं तोंडी सांगणं दुय्यम. पुतणीला सोयरीक आली, तेव्हा मध्यस्थाला समोर बसवून सर म्हणाले, “तुम्ही दुय्यम साधन. मुलाच्या पगाराची स्लिप आणा.” सोयरीक गेली. काकू अजून विद्यापीठाला दोष देतात.

अमरावतीहून येताना सर नुसता अभ्यास आणत नसत, तंत्रज्ञानही आणत. आमच्या शाळेत एक मोठा टच पॅनल कधीचा भिंतीवर होता. त्याला धूळ लागू नये म्हणून शिपायानं झालरीचं कापड शिवून घेतलं होतं, आणि खंडेनवमीला त्याची पूजा होई. एवढाच त्याचा वापर. पारसच्या केंद्राची पाचशे मेगावॉट वीज इथून हाकेच्या अंतरावर तयार होते. आमच्या वर्गातला प्लग मात्र ढिला, त्यात आगपेटीची काडी खोचून पॅनल चालू करावा लागतो. सरांनी काडी खोचली, कापड काढलं आणि ‘मुघल साम्राज्याचा ऱ्हास’ लावलं. पहिली स्लाईड आली, औरंगजेब. सर बोलायला वळले आणि मागं साम्राज्य पळायला लागलं. बहादूरशहा, फर्रुखसियर, मुहंमदशहा, नादिरशहा, पानिपत, सर “थांब बे, थांब!” म्हणेपर्यंत थेट १८५७. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खंडेनवमीची झेंडूची माळ चौकटीवरून खाली लोंबत होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं काचेवर बोट फिरावं तशी फिरत होती. मी ती काढली. दीडशे वर्षांचा ऱ्हास एका झेंडूनं दहा सेकंदांत उरकला, हे सरांना फार लागलं.

नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री आहे. मोबाइलनं चहूबाजूंनी शे-दीडशे फोटो काढले की सॉफ्टवेअर त्यांचा त्रिमिती नमुना तयार करतं, असं सरांना कळलं. रविवारी आठवीची पोरं घेऊन गेले. नमुना झकास आला, फक्त छत्रीच्या आत सहा पायांची, तीन तोंडांची बकरी उभी होती. फोटो काढताना ती चरत फिरत होती, त्याचा हा परिणाम. सरांनी नमुना पुसला नाही. “ती तिथं होती,” म्हणाले. “पुरावा आहे.”

मग प्रबंधाच्या इंग्रजी सारांशाची वेळ आली. सरांनी मराठीत नेटकं लिहिलं: बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे, खाली बाळादेवीचं देऊळ आहे, तिच्यावरून गावाचं नाव. ते भाषांतराच्या ॲपमध्ये घातलं, आलं ते न बघताच कुरिअर केलं. आठवड्यानं गाईडचा कागद परत आला. पहिल्याच वाक्याभोवती लाल गोल: ‘द फोर्ट स्टँड्स ॲट द कॉन्फ्लुअन्स ऑफ माइंड अँड बफेलो.’ समासात शेरा: ‘सुंदर. पण हे तत्त्वज्ञान विभागाकडे पाठवावे.’ म्हैस नदीला महेशही म्हणतात, तेच लिहा म्हणजे भानगड नाही, असं मी सुचवलं. सर ऐकेनात. “म्हैस ते म्हैस. मशीनले समजत नाही म्हणून का नदीचं नाव बदलवाचं?”

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा माझ्यामुळं झाला.

सरांनी माझ्याकडून स्प्रेडशीट शिकून घेतली. बाळापूरशी संबंध आलेले सगळे सुभेदार, शहजादे आणि नवाब त्यांनी ओळीनं भरले: जन्म, मृत्यू, इथलं काम, कामाचं साल. मी गंमत म्हणून एक रकाना वाढवला: मृत्यूच्या सालातून कामाचं साल वजा. म्हणजे ते काम केल्यावर माणूस किती वर्षं जगला ते कळेल. सूत्र खाली ओढलं. एका ओळीत आलं उणे चौदा.

ओळ होती शहजादा आझमशहाची, औरंगजेबाचा मुलगा, जन्म १६५३. बाळापूरचा किल्ला त्यानं १७२१ मध्ये बांधायला घेतला आणि अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानं १७५७ मध्ये तो पुरा केला, हे जिथं पाहावं तिथं लिहिलेलं असतं. आणि हाच आझमशहा आग्र्याजवळ जाजाऊच्या लढाईत भावाविरुद्ध लढताना मारला गेला, १७०७ मध्ये. हेही जिथं पाहावं तिथं असतं. सरांनी सव्वीस वर्षं दोन्ही सन शिकवले होते. वेगवेगळ्या धड्यांत.

“तुमचं गणित चुकलं,” सर म्हणाले.

“वजाबाकी आहे, सर.”

त्यांनी मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारलं. त्यानं ठासून सांगितलं, १७२१, आझमशहा. सरांनी लिहिलं, तो १७०७ मध्ये मेला होता. त्यानं लगेच माफी मागितली, आपलं निरीक्षण अचूक आहे म्हणाला आणि आरंभ १७०२ मध्ये झाला असं सांगून टाकलं. सरांनी लिहिलं, पुरावा? पुन्हा माफी, आता १६९८. सरांनी खोडी काढायला लिहिलं, मला वाटतं १७२१ च बरोबर. तो म्हणाला, होय, आपण अगदी योग्य आहात.

सरांनी फोन उलटा ठेवला. “हे पोट्टं लेखीत पहिलं येईन,” ते म्हणाले, “पण तोंडी परीक्षेत रडवीन.” मग बराच वेळ ते वहीतल्या समासाकडे पाहत बसले. पुढचे तीन दिवस त्यांनी कुणालाही कुठलंच साल सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये कांद्याचा विषय निघाला, तेव्हाही फक्त भाव सांगितला.

नंतर मात्र कामाला लागले. लायल यांचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर, १९१० चं अकोला जिल्ह्याचं, या. मा. काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’, जे स्कॅन होऊन नेटवर आहे ते आणि जे नाही तेही. रात्री एकला त्यांच्या घरी दिवा दिसायचा. दोन वर्षांनी त्या प्रकरणाचा शेवट त्यांनी मला वाचून दाखवला: ‘बांधकामाचा आरंभ नेमका केव्हा झाला, हे उपलब्ध साधनांवरून निश्चित सांगता येत नाही.’ असं वाक्य लिहिताना हात कापला, म्हणाले. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, छान नाही, खरं आहे.

परवा आम्ही दोघं बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. सरांच्या फोनची काच फुटली होती. दुकानदार सरांचाच विद्यार्थी, २००९ ची बॅच. बॅच अर्थात सरांनीच सांगितली. काच बसेपर्यंत सरांनी त्यालाही ते वाक्य ऐकवलं. त्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

“सर, नववीत तुम्ही इचारलं होतं, किल्ला कोनं बांधला अन् कधी. म्या लिहिलं होतं, ‘औरंगजेबाच्या पोरानं सुरू केला म्हनतात, कधी ते मले मालूम नाही.’”

“बरं.”

“तुम्ही मार्क कापला. अन् दोन तास बाकावर उभं केलं.”

सर गप्प. मी कव्हरं पाहू लागलो.

“आता तेच लिहून तुम्ही डाक्टर होऊन राह्यले. माह्या मार्काचं काय?”

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. क्षणभर वाटलं, हात खिशातल्या लाल पेनाकडे जातोय. तसा तो गेलाही.

“उत्तरपत्रिका हाये का तुह्याजवळ?”

“इतक्या वर्सांची? कुठून राहीन, सर?”

“मंग कसं होईन बे?” सरांनी पेन परत खिशाला लावलं. “तू सांगून राह्यला ते दुय्यम साधन झालं.”