फॉरमॅट मारू का?

देवळ्यात पाच कंदील चौकाच्या आसपास आजारी डेस्कटॉप घेऊन कुठल्याही दुकानात शिरा. दुकानातला पोरगा स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी विचारतो, 'फॉरमॅट मारू का?'

आणि आपण म्हणतो, 'मार.'

पोराला दोष देऊ नका. मशीन चालू करून द्यायचं एवढंच त्याला सांगितलेलं असतं आणि तो ते करून देतो. चकाचक, फास्ट आणि रिकामं.

'रिकामं कसं? माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे!' हे तर आपलं पाठ झालेलं वाक्य. सी, डी आणि ई या एकाच डिस्कवर ओढलेल्या रेघा. सी फॉरमॅट केली तर डी वाचेलही, पण डिस्कच बसली तर तिन्ही एकदम बसतात. खात्री नसेल तर कॅबिनेट उघडा आणि आत डिस्का किती आहेत ते मोजा.

उघडलंच आहे तर पंख्याकडेही बघा. उमराण्यापासून लोहोणेरपर्यंत जिथे जिथे खळ्याला लागून ऑफिस आहे, तिथे पंख्याच्या पात्यांत कांद्याचे पापुद्रे अडकलेले दिसतील. वर धुळीचा थर. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, आता त्यावर फक्त पाण्याची बाटली ठेवतात. लाइट दिवसातून किती वेळा जाते हे विचारू नका. अशात मिनिटाला 7200 फेरे मारणारी डिस्क पाच-सहा वर्षं टिकते, हाच चमत्कार.

बरं, बिचारी सांगत नाही असंही नाही. टकटक आवाज करते. एक फोल्डर उघडायला चहा होईल इतका वेळ घेते. निळा पडदा दाखवते. आपण काय करतो? कॅबिनेटवर एक चापट मारतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्कची तब्येत रंगात दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे आवरा. पण निळ्यावरही फार विसंबू नका. गुगलनं 2007 साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब मांडला, तेव्हा मेलेल्यांपैकी बऱ्याच डिस्कांनी आधी कसलाच इशारा दिलेला नव्हता असं निघालं. थोडक्यात, टकटक करून जाणारी डिस्क सभ्य म्हणायची.

आता खरा घोळ. डिस्क कुरकुरायला लागली की आपण ती दुरुस्त करायला धावतो. चेकडिस्क लाव, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन लाव, डिफ्रॅग कर. म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कला कानाकोपऱ्यातून पळवायचं. चाळीत कांदा सडायला लागला तर तुम्ही आधी काय करता? चांगला माल बाहेर काढता, की चाळीच्या पत्र्याला रंग देत बसता?

जे शेतकऱ्याला कळतं ते संगणकवाल्याला कळू नये?

आधी माल बाहेर. तोही क्रमानं. टॅलीचा डेटा फोल्डर पहिला, कारण जागा थोडी आणि किंमत सगळ्यात जास्त. मग सातबाऱ्याचे, कर्जाचे, पोरांच्या दाखल्यांचे स्कॅन. मग फोटो. सिनेमे शेवटी, आणि नाहीच आले तर उत्तम. प्रत्यक्षात मात्र कॉपी सुरू होते ती 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2' आणि 'डीजे गाणी'पासून.

टॅलीचं म्हणाल तर हा नुसता हौसेचा मामला नाही. जीएसटी कायद्यानं हिशेबाची दप्तरं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळायची आहेत. 'साहेब, डिस्क उडाली' हा खुलासा कुठल्या कलमात बसतो ते सीएला विचारून बघा. तो हसणार नाही.

पुष्कळदा तर डिस्क ठणठणीत असते. गेलेला असतो पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड. डिस्क काढायची, साटा टू यूएसबी वायरनं दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि डेटा उतरवून घ्यायचा. वायर काही शे रुपयांची. ती विकत घ्यायला आपल्याला महाग वाटते, नवा संगणक मात्र हप्त्यावर चालतो.

डिस्कच अडखळत असेल तर डीडीरेस्क्यू आहे. फुकट आहे, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून चालतं. सहज वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उचलतं, अडेल तो भाग सोडून पुढे जातं आणि नंतर मागे येऊन त्याच्याशी झटतं. मग जी काय दुरुस्ती करायची ती त्या नकलेवर करा. पण फुकट आणि शांतपणे होणाऱ्या कामावर आपला विश्वास कुठे?

त्यापेक्षा डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, हा सल्ला झटकन पटतो. गार डिस्क बाहेर काढली की तिला घाम फुटतो. मग आपल्याला.

आणखी शूर असतात ते डिस्कचं झाकणच उघडतात. आतला हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. कांद्याचा पापुद्रा सोडा, साधा धुळीचा कणही त्याला डोंगर. एवढं झाल्यावर मंडळी भावडबारी ओलांडून नाशिकला डेटा रिकव्हरीवाल्याकडे जातात. तिथला आकडा ऐकून परत येताना घाट जास्त चढणीचा वाटतो.

समजा, डेटा वाचला. पेढे वाटू नका.

डीटीपीवाल्याला विचारा. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पेजमेकर आणि कोरलमध्ये केलेल्या, सगळ्या नव्या मशीनवर सुखरूप आल्या. पहिली उघडली. 'चि. सौ. कां.'च्या जागी टक्का, कंस आणि उलटे स्वल्पविराम. कारण फाइल आली, जुना मराठी फॉन्ट मागेच राहिला. तो ज्या डोंगलवर चालायचा ते जुन्या मशीनच्या पाठीला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपण घाईत नव्हतो. म्हणून डेटासोबत फॉन्टचं फोल्डर आणि डोंगलही उचला, आणि जुनं मशीन धडधडतंय तोवर सगळ्याच्या पीडीएफ करून घ्या.

सरकारी खात्यांना हसायचं कारण नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या आणि मग संगणकीकरणाला जोर आला. कागद जळताना निदान धूर दिसतो. डिस्क जळाली हे तिसऱ्या हेलपाट्याला कळतं.

बॅकअपसाठी जगानं एक दिवस राखून ठेवला आहे. तारीख 31 मार्च. तारीख ठरवणाऱ्यानं भारतातला अकाउंटंट कधी पाहिलेला नसावा.

आत्ता हे सगळं निघायचं कारण, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज 11 अनेक जुन्या मशीनना घरात घेत नाही. त्यामुळे धडधाकट डेस्कटॉपही बदलले जातायत आणि एक्स्चेंजच्या जाहिराती लागल्यात. नव्यात एसएसडी येते. फास्ट, गार, बिनआवाजी. जातानाही बिनआवाजीच जाते.

राहिलं जुनं धूड. डिलीट मारलं की डेटा गेला, असं समजून आपण ते देऊन टाकतो. डिलीट म्हणजे यादीतून नाव काढणं; माल जागच्या जागी. आख्ख्या घराची आधार कार्डं, पॅन, सहीचा स्कॅन, आणि डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची नोटपॅड फाइल. डिस्क काढून घरी ठेवा म्हटलं तर लोक कुरकुरतात. भंगारवाला किलोवर घेतो ना, मग वजन कमी भरतं.