माणूस तालुका, जिल्हा सातारा

दिवाळीला पुण्याहून आलेल्या पुतण्यानं माझ्या मोबाईलमध्ये भाषांतर करणारं आणि सारांश काढणारं एक यंत्र घालून दिलं. "काका, पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, आता याला तपासा," म्हणाला आणि गेला. मी लाल पेन घेऊन बसलो. मोबाईलवर लाल पेनचा काय उपयोग, असं हिनं विचारलं. उपयोग काही नाही, पण ते हातात असल्याशिवाय मला चूक दिसत नाही.

सुरुवात सोपी केली. ‘मी म्हसवडचा. तालुका माण, जिल्हा सातारा.’ इंग्रजी झटक्यात झालं. पण भागाकार बरोबर आला का, ते गुणाकार करून ताडायचं, असं आम्ही चौथीला शिकवायचो. म्हणून तेच इंग्रजी परत मराठीत आणायला सांगितलं. आलं : ‘तालुका माणूस.’ यात यंत्राला फार बोलता येत नाही. इंग्रजीत माण आणि माणूस एकाच स्पेलिंगात राहतात. चेतना सिन्हांनी १९९७ साली आमच्या गावात माणदेशी महिला सहकारी बँक काढली, तिच्या इंग्रजी नावात ‘एन’ दोनदा आहे. तो का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हिचं म्हणणं, बायकांच्या बँकेच्या पाटीवर ‘मॅन’ कशाला लिहायचं, म्हणून असेल.

पुढचं वाक्य जरा अवघड दिलं. पाऊस सरला, रानातलं गवत वाळलं की आमच्याकडची मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन बाहेर पडतात. घरी राहिलेल्या म्हातारीला विचारलं तर ती सांगते, "पोरं जगाय गेल्यात." हे मी शुद्ध करून दिलं : ‘मुलं मेंढरं घेऊन जगायला गेली आहेत.’ ताळा केला तर परत आलं : ‘मुलं मेंढरांबरोबर राहायला गेली आहेत.’ व्याकरणाची एक चूक नाही. पण वाचणाऱ्याला वाटावं, पोरांचं घरात पटेना आणि मेंढरांनी आसरा दिला. लाल पेननं गोल कुठं करायचा, तेच कळेना.

मग मला चेव आला. ‘२०१२-१३च्या दुष्काळात आमची म्हैस छावणीत होती.’ परत येताना म्हैस ‘शिबिरात’ होती. म्हणजे पहाटे योगासनं आणि दुपारी बौद्धिक. ‘माणदेशी एक्सप्रेस २०१६ साली रिओला धावली,’ असं दिलं, तर यंत्रानं ती सरळ रेल्वेगाडी करून टाकली. आता, ही एक्सप्रेस म्हणजे मोहीच्या ललिता बाबर आणि त्या ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, हे आमच्या तालुक्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हसवडला रेल्वे स्टेशन नाही आणि यंत्रानं गाडी थेट ब्राझीलला नेली.

चुकाच सांगत बसलो तर तपासनीस खवट म्हणायचे. एका बाबतीत त्याला मी दहापैकी नऊ दिले. एक सरकारी परिपत्रक त्याला देऊन म्हटलं, याचं मराठी कर. परिपत्रक मराठीतच होतं. त्यानं ते चार ओळींत असं समजावलं की मला पहिल्यांदा कळलं, अर्ज मीच करायचा होता.

पुतण्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, शास्त्रज्ञ असं वाक्यावाक्यानं बघत नाहीत. ‘ब्लू’ नावाची मोजणी असते, २००२ साली आयबीएमच्या लोकांनी काढलेली. माणसानं केलेलं भाषांतर शेजारी ठेवायचं आणि शब्द, शब्दांच्या जोड्या, तिकड्या किती जुळल्या ते मोजायचं. जितकं जास्त जुळेल तितके जास्त गुण. आमच्या शाळेत शेजाऱ्याशी इतकं जुळलं की आम्ही पेपर काढून घ्यायचो.

शिवाय माझ्या डोक्यात ‘बनगरवाडी’ आली. व्यंकटेश माडगूळकर आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले, माडगूळचे. त्यांच्या कादंबरीचं राम देशमुखांनी १९५८ साली इंग्रजी केलं, त्याला नाव दिलं ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. मूळ नावातला एक शब्द त्यात नाही. नमुना उत्तर म्हणून कुणी नुसतं ‘बनगरवाडी’ शेजारी ठेवलं असतं, तर शीर्षकात देशमुखांना भोपळा.

सारांशाची परीक्षा मी मुद्दाम मागं ठेवली होती. सारांशात गाळायचं काय, हा घोळ काही यंत्रानं आणलेला नाही. माणदेशी बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेकडं गेला, तेव्हा त्यावर बायकांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. अर्ज फेटाळला गेला. सगळ्या कागदाचा सारांश एका शब्दात झाला : निरक्षर. मग या बायका अक्षरं गिरवायला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना कॅलक्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी. परवाना मिळाला.

मी यंत्राला दिली ती लग्नपत्रिका. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ झाला की आमच्याकडं पत्रिकांचा पाऊस पडतो. ही चुलतभावाच्या नातीची. यंत्रानं दोन ओळी काढल्या : वधू, वर, रविवार, साडेबारा, मंगल कार्यालय. ‘सिद्धनाथाच्या कृपेनं’ गेलं. मामा गेले. ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी किलबिल गेली. निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, सगळे गेले, आणि खाली नम्रपणे लिहिलं होतं की अनावश्यक तपशील वगळला आहे.

हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तारीख तर आपल्याला आधीच ठाऊक होती. पत्रिका वाचतात ती कुणाचं नाव कुणाच्या खाली हाय, ते बघायला."

बांधाच्या भांडणापायी या घरच्या पत्रिकेत अकरा वर्षं माझं नाव नव्हतं. लग्न येत्या रविवारी आहे. यायचं असेल त्यांनी पत्रिका पूर्ण वाचावी. स्वागतोत्सुकांत तिसरं नाव माझं आहे.